एकस्वाची मुदत व मुदतवाढ

नव्या शोधाचा व्यापारी उपयोग करण्याचा अनन्य हक्क शासन ज्या सनदेने संशोधकास देते, तिला एकस्व म्हणतात. व्यवहारात पेटंट हा शब्द अधिक रूढ आहे. हा हक्क ठराविक काळापुरताच असतो. तो काळ संपत आला असता हक्काचा अवधी आणखी काही वर्षे वाढवून देणे म्हणजे एकस्वाची मुदतवाढ होय. भारतात एकस्वाची मुदत अर्ज दाखल झाल्याच्या दिनांकापासून २० वर्षे असून ती वाढवून देण्याचा अधिकार एकस्व नियंत्रकास नाही, न्यायालयास नाही आणि केंद्र शासनासही नाही. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, यूरोपीय संघातील देश, जपान इ. ठिकाणी मुख्यतः औषधांच्या बाबतीत मर्यादित मुदतवाढ मिळू शकते.

एकस्व हा समाज आणि संशोधक यांच्यातील एक प्रकारचा करार मानला जातो. संशोधकाने आपल्या शोधाची कृती विवरणात पूर्णपणे उघड करावयाची, त्याबद्दल समाजाने त्याला काही वर्षे मक्ता द्यावयाचा आणि नंतर तो शोध सर्वांना खुला व्हावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. यावरून मुदतवाढ हा केवळ एकस्वधारक आणि शासन यांच्यातील प्रश्न नाही, हे लक्षात येईल. मुदत संपण्याच्या दिवसावर नजर ठेवून भांडवल गुंतविणारा दुसरा कारखानदार आणि वस्तू स्वस्त होण्याची वाट पाहणारा ग्राहक हेही त्यात गुंतलेले असतात. औषधाच्या बाबतीत हा ग्राहक रुग्ण असतो व त्याला वाट पाहणे परवडतेच असे नाही.

इतिहास : इंग्लंडमध्ये १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने नव्या शोधांपुरता १४ वर्षांचा मक्ता मान्य केला. उमेदवारीच्या सात वर्षांच्या दोन पाळ्या एवढा हा काळ असल्याचे सांगितले जाते. मुदतवाढीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जेम्स वॉट यांचे आहे. वाफेच्या एंजिनातील स्वतंत्र संघनकाबद्दल त्यांना १७६९ मध्ये एकस्व मिळाले. परंतु एंजिन बाजारात येण्यास विलंब लागल्याने पार्लमेंटने १७७५ मध्ये खास कायदा करून ते १८०० पर्यंत चालू ठेवले. या काळात जॉनथन हॉर्नब्लोअर यांच्यासारख्या इतर एंजिनकर्त्यांना वॉट यांच्या एकस्वाचा अडथळा झाला. मुदतवाढीने एकाच्या श्रमाचे चीज होते, तर त्याच वेळी दुसऱ्याचे संशोधन अडते, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. प्रत्येक वेळी पार्लमेंटकडे जाणे खर्चाचे असल्याने १८३५ च्या कायद्याने असे अर्ज प्रिव्ही कौन्सिलने ऐकावेत, अशी व्यवस्था झाली. पहिल्या महायुद्धानंतर युद्धामुळे झालेले नुकसान हेही मुदतवाढीचे एक कारण मानले गेले. १९७७ च्या कायद्याने ब्रिटनने मुदत २० वर्षांची केली आणि मुदतवाढीची ही जुनी पद्धत मोडीत काढली.

भारतात १८५६ च्या सहाव्या अधिनियमाने संशोधकांना प्रथमच १४ वर्षांचा विशेष हक्क देण्यात आला. या अधिनियमास राणीची पूर्वसंमती घेतलेली नसल्याने तो रद्द करून १८५९ मध्ये नवा अधिनियम करावा लागला. पुढे १९११ च्या भारतीय एकस्व व अभिकल्प अधिनियमाखाली मुदत प्रथम १४ व १९३० च्या दुरुस्तीनंतर १६ वर्षांची झाली. या अधिनियमात मुदतवाढीला उघड स्थान होते. आपल्या शोधाचा पुरेसा मोबदला मिळाला नाही, असे दाखवून एकस्वधारक अर्ज करू शके व शोधाचे स्वरूप, लोकांना झालेला उपयोग आणि मिळालेला नफा पाहून मुदत ५ वर्षांनी, अपवादात्मक परिस्थितीत १० वर्षांनी वाढविता येत असे. ‘पुरेसा मोबदला’ म्हणजे किती, हे ठरविण्यास कोणतेही माप नव्हते. हिशेब एकस्वधारकाच्या वह्यांतूनच यावयाचा असल्याने विरोध करणाऱ्याची बाजू स्वाभाविकच लंगडी राही.

स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आणि नंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी या कायद्याचा अभ्यास केला. अय्यंगार यांचा अहवाल १९५९ मध्ये सादर झाला. देशातील बहुतेक एकस्वे परकीयांच्या हाती असून त्यांतील फारच थोड्यांचा उपयोग भारतात उत्पादनासाठी केला जातो, असे त्यात दाखवून देण्यात आले. त्यातून एकस्व अधिनियम, १९७० तयार झाला व तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याने सर्वसाधारण मुदत १४ वर्षे ठरविली. अन्न व औषधे यांच्या बाबतीत वस्तूला एकस्व मिळणे बंद झाले. ते केवळ प्रक्रियेस मिळू लागले आणि त्याची मुदत मुद्रांकनापासून ५ वर्षे किंवा एकस्वाच्या दिनांकापासून ७ वर्षे, यांपैकी जी आधी संपेल ती ठरली. मुदतवाढीचे कलम नव्या अधिनियमात घेतलेच नाही. तीच वस्तू वेगळ्या प्रक्रियेने तयार करण्यास मोकळीक मिळाल्याने देशातील औषध व रसायन उद्योगाची वाढ झाली, हे सर्वमान्य आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १ जानेवारी १९९५ पासून बौद्धिक संपदाविषयक करार लागू झाला. त्याच्या ३३ व्या अनुच्छेदाने अर्जाच्या दिनांकापासून किमान २० वर्षे संरक्षण देणे सदस्य देशांवर बंधनकारक केले. त्यानुसार भारताने १९९९, २००२ व २००५ मध्ये अधिनियमात दुरुस्त्या केल्या. यांपैकी २००२ ची दुरुस्ती २० मे २००३ पासून अंमलात आली. त्या दिवशी जिवंत असलेल्या सर्व एकस्वांची मुदत, ती १४ वर्षांची असो वा ५–७ वर्षांची, २० वर्षांची झाली. स्वतंत्र भारतात चालू एकस्वांना एकत्रितपणे मिळालेली मुदतवाढ ती हीच आणि ती संसदेने दिलेली आहे. त्या दिवसापूर्वी संपलेली वा व्यपगत झालेली एकस्वे मात्र पुन्हा जिवंत झाली नाहीत.

मुदतीची गणना : मुदत एकस्व मंजूर झाल्यापासून नव्हे, तर अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. आंतरराष्ट्रीय सहकार्य करारान्वये केलेल्या अर्जाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय अर्जाचा दिनांक धरतात. यात एक बारकावा आहे व तो अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, रायगड जिल्ह्यातील महाड येथील औद्योगिक वसाहतीतील एखाद्या रसायनज्ञाने रंगद्रव्याच्या नव्या प्रक्रियेबद्दल १ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या एकस्व कार्यालयात तात्पुरत्या विवरणासह अर्ज केला आणि बारा महिन्यांच्या आत पूर्ण विवरण दिले. त्याची २० वर्षे १ जुलै २०२४ पासूनच सुरू होतील. एखाद्या परदेशी कंपनीने त्याच दिवशी स्वदेशात पहिला अर्ज करून त्याचा अग्रक्रम सांगत वर्षाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अर्ज केला, तर तिची २० वर्षे या दुसऱ्या अर्जापासून मोजली जातील, कारण अग्रक्रमाचे वर्ष मुदतीत धरले जात नाही. शोध नवीन आहे की नाही हे मात्र पहिल्या दिनांकावरूनच पाहिले जाईल. अशा रीतीने कायद्यात मुदतवाढ नसतानाही तिचे एकस्व एक वर्ष उशिरा संपते. ज्यास घाई नाही अशा देशी अर्जदाराने तात्पुरते विवरण दाखल करण्यापूर्वी याचा विचार करणे इष्ट ठरेल. मात्र दरम्यान दुसऱ्याने अर्ज केला, तर वर्ष वाचविताना सारेच गमावण्याचा धोका असतो.

एकस्व २० वर्षे टिकविण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नवीकरण शुल्क भरावे लागते. शुल्क भरण्यास सहा महिन्यांपर्यंत सवलत मिळते. त्यानंतरही ते न भरल्यास एकस्व व्यपगत होते. चूक अनवधानाने झाली असेल, तर व्यपगत झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. या तरतुदींना बोलीभाषेत मुदतवाढ म्हटले जाते, पण ती शुल्क भरण्याच्या मुदतीची वाढ असते, हक्काच्या मुदतीची नव्हे. पुनःस्थापित झालेले एकस्व मूळ दिवशीच संपते. इतकेच नव्हे, तर ते व्यपगत झाल्यापासून पुनःस्थापनेचा अर्ज प्रसिद्ध होईपर्यंत ज्यांनी त्या शोधाचा उपयोग केला, त्यांच्यावर उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. त्याचप्रमाणे मूळ शोधात सुधारणा केल्यास मिळणारे पूरक एकस्व मूळ एकस्वाबरोबरच संपते आणि एका अर्जाचे विभाजन करून केलेल्या दुसऱ्या अर्जाला पहिल्याचाच दिनांक मिळतो. मुदत संपल्यावर किंवा शुल्काअभावी एकस्व बंद पडल्यावर त्याच्या विषयाला कोणतेही संरक्षण राहणार नाही, असे अधिनियमाच्या ५३ व्या कलमात स्पष्टपणे म्हटले आहे.

तपासणीतील विलंब : मुदत अर्जापासून मोजल्यामुळे कार्यालयात गेलेली वर्षे एकस्वधारकाच्या मुदतीतून वजा होतात. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचे उदाहरण बोलके आहे. बायर कंपनीचा आंतरराष्ट्रीय अर्ज जानेवारी २००० मधील होता, भारतातील एकस्व मार्च २००८ मध्ये मंजूर झाले व जानेवारी २०२० मध्ये संपले. म्हणजे २० पैकी ८ वर्षे मंजुरीपूर्वीच गेली. पण हा काळ संपूर्ण वाया गेला असे म्हणता येत नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून अर्जदाराला एकस्वधारकासारखेच हक्क मिळतात. दावा मात्र मंजुरीनंतरच लावता येतो. याच औषधाबाबत मुंबई येथे एकस्व नियंत्रकांनी ९ मार्च २०१२ रोजी नॅटको कंपनीला भारतातील पहिली सक्तीची अनुज्ञप्ती दिली. महिन्याला सु. २,८०,००० रुपये किंमतीचे औषध ८,८८० रुपयांत विकावयाचे आणि ६ टक्के स्वामित्वशुल्क (पुढे अपील मंडळाने ते ७ टक्के केले) द्यावयाचे, अशी अट होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा आदेश कायम केला. ही अनुज्ञप्तीही एकस्वाच्या उरलेल्या मुदतीपुरतीच होती. मुदत चालू असताना लोकहितासाठी मक्ता सैल करता येतो. मुदत संपल्यावर तो आवळून धरण्याचा मार्ग मात्र नाही, हा फरक येथे स्पष्ट दिसतो.

इतर देश : औषधाच्या चाचण्या व विक्रीचा परवाना यांत बरीच वर्षे जातात, ती भरून मिळावीत, या युक्तिवादावर परदेशांतील मुदतवाढ उभी आहे. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यान्वये चाचण्यांचा निम्मा काळ आणि परवान्याच्या अर्जाच्या छाननीचा सर्व काळ जमेस धरतात. तथापि वाढ ५ वर्षांपेक्षा अधिक होत नाही व परवान्यानंतरची एकूण शिल्लक मुदत १४ वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. यूरोपात १९९३ पासून एकस्व न वाढविता त्याच्या अखेरीस वेगळे पूरक संरक्षण प्रमाणपत्र दिले जाते. अर्जाचा दिनांक आणि पहिला विक्री परवाना यांतील अंतरातून ५ वर्षे वजा करून त्याचा अवधी काढतात व तो ५ वर्षांवर जाऊ देत नाहीत. उदा., अर्जानंतर ८ वर्षांनी परवाना मिळाल्यास ३ वर्षांचे, तर १२ वर्षांनी मिळाल्यास हिशेबाने येणाऱ्या ७ ऐवजी ५ वर्षांचेच प्रमाणपत्र मिळते. मुलांवरील उपयोगाचा विहित अभ्यास केल्यास त्यात आणखी सहा महिन्यांची भर पडते. जपानमध्येही १९८८ पासून ५ वर्षांपर्यंतची वाढ मिळते.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारात २० वर्षे ही किमान मर्यादा आहे. त्यापुढे वाढ द्यावी, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. यामुळे मुदतवाढीचा आग्रह द्विपक्षीय व प्रादेशिक व्यापार करारांतून धरला जातो. पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांनी २०१६ मध्ये केलेल्या करारात अशी कलमे होती. २०१७ मध्ये अमेरिका बाहेर पडल्यावर उरलेल्या देशांनी ती स्थगित ठेवली, यावरून त्यांचा आग्रह कोणाचा होता ते कळते.

अप्रत्यक्ष मुदतवाढ : सरळ मुदतवाढ नसली, तरी एकाच औषधाभोवती एकामागून एक एकस्वे घेऊन मक्ता लांबविता येतो. मूळ रेणूचे एकस्व संपत आले की त्याच्या एखाद्या क्षाराबद्दल, स्फटिकरूपाबद्दल वा मिश्रणाबद्दल नवा अर्ज केला जातो. भारतात वादाचे खरे क्षेत्र हेच आहे. अधिनियमाच्या ३ (घ) कलमानुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपामुळे त्याची ज्ञात परिणामकारकता वाढत नसेल, तर ते रूप शोध ठरत नाही. इमॅटिनिब या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी औषधांच्या संदर्भात परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती होय, असा निर्णय दिला. पदार्थ अधिक टिकाऊ किंवा गोळी बनविण्यास सोयीचा झाला, एवढे त्यास पुरत नाही.

या कलमाचा महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या बाबतीत झाला. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शने द्यावी लागत व त्यांमुळे पुष्कळ रुग्णांना कायमचे बहिरेपण येई. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या गोळीमुळे ती इंजेक्शने टाळणे शक्य झाले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मूळ एकस्वाची भारतातील मुदत १८ जुलै २०२३ रोजी संपत होती. परंतु त्याच औषधाच्या फ्यूमरेट क्षाराबद्दलचा दुसरा अर्ज मुंबई कार्यालयात प्रलंबित होता. तो मंजूर झाला असता, तर मक्ता डिसेंबर २०२७ पर्यंत चालला असता. मंजुरीपूर्वी कोणाही व्यक्तीस विरोध नोंदविता येतो, या तरतुदीचा आधार घेऊन महाराष्ट्रातील एचआयव्हीबाधितांच्या संघटनेने आणि २०१९ मध्ये नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले यांनी त्यास हरकत घेतली. या दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या, पण जुन्या उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या होत्या. दीर्घ सुनावणीनंतर २३ मार्च २०२३ रोजी कार्यालयाने अर्ज फेटाळला. या औषधाच्या सहा महिन्यांच्या उपचाराची कंपनीने अल्प उत्पन्न देशांसाठी ठेवलेली किंमत २०२० मध्ये ३४० डॉलर होती. मूळ एकस्व संपल्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक औषध खरेदी योजनेला लुपिन या मुंबईच्या कंपनीने ती १९४ डॉलरला देऊ केली, तर खुद्द जॉन्सन अँड जॉन्सनने १३० डॉलरला. मूळ कंपनी स्पर्धकाहूनही खाली आली, ही गोष्ट मक्त्याच्या काळातील किंमतीविषयी बरेच सांगून जाते. भारतात हे औषध राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य दिले जात असल्याने किंमतीचा भार शासनावर पडतो. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरच्या रुग्णाला किंमत दिसत नाही, पण तेवढ्याच पैशांत किती रुग्णांना औषध पुरेल, हे तिच्यावरच ठरते.

अप्रत्यक्ष मुदतवाढीचा दुसरा प्रकार म्हणजे प्रथम रेणूंच्या विस्तृत समूहावर आणि नंतर त्यांतील एका रेणूवर एकस्व घेणे. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत पहिले एकस्व २०२० मध्ये व दुसरे २०२३ मध्ये संपत होते. कंपनीने एकाच औषधासाठी दोन्हींचे उल्लंघन झाल्याचा दावा केला, तेव्हा एका शोधाला एकच एकस्व असू शकते, असे सांगून दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २० जुलै २०२१ रोजी मनाई हुकूम नाकारला. मंजुरीपूर्व विरोधाचा मार्ग मात्र पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. मार्च २०२४ च्या नियमांनी त्यासाठी शुल्क बसविले असून विरोध ऐकण्याजोगा आहे की नाही, हे नियंत्रकाने आधी ठरवावयाचे आहे. निष्कारण केलेले विरोध थांबविणे हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि रुग्णांच्या लहान संघटनांवरच त्याचा भार अधिक पडेल, हे उघड आहे.

मुदतीनंतरचा विलंब : एकस्व संपले तरी दुसऱ्याचे उत्पादन दुसऱ्या दिवशी बाजारात येत नाही. सावित्री नदीच्या खोऱ्यातील महाडच्या वसाहतीत रसायने, रंगद्रव्ये, औषधी मध्यस्थ द्रव्ये इत्यादींचे कारखाने आहेत. अशा कारखान्याला नवे औषधी द्रव्य काढावयाचे झाल्यास प्रयोगशाळेतील कृती मोठ्या पात्रात बसविणे, चाचणीसाठी घाणे काढणे, त्यांची स्थिरता महिनोन्‌महिने तपासणे, सांडपाण्याच्या व्यवस्थेसह प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेणे आणि औषध परवान्यासाठी माहिती सादर करणे, एवढे सोपस्कार करावे लागतात. ही सर्व कामे एकस्व संपल्यावरच सुरू करावयाची म्हटली, तर मक्ता कागदावर २० वर्षांचा व प्रत्यक्षात २२–२३ वर्षांचा होईल. ही छुपी मुदतवाढ टाळण्यासाठी २००२ मध्ये १०७ अ हे कलम घालण्यात आले. कोणत्याही कायद्याखाली द्यावी लागणारी माहिती तयार करण्यापुरते एकस्वित वस्तूचे उत्पादन, उपयोग, विक्री वा आयात हे उल्लंघन मानले जात नाही. मात्र मुदत संपण्याच्या दिवशी विकता यावा म्हणून आधीपासून साठा करून ठेवणे या सवलतीत बसत नाही. कॅनडाच्या कायद्यातील अशा साठ्याची मुभा जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने २००० मध्ये करारविरोधी ठरविली. चाचण्यांची मुभा मात्र त्याच निर्णयात ग्राह्य धरली. भारतातील सवलत परदेशी परवान्यासाठी लागणाऱ्या मालाच्या निर्यातीसही लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सोराफेनिब व रिव्हारोक्झाबॅन या औषधांच्या प्रकरणात ठरविले. पाठविलेला माल खरोखर चाचणीपुरता आहे की व्यापारासाठी, हे त्याचे प्रमाण व हेतू पाहून प्रत्येक प्रकरणात तपासावे लागते.